नव्या वर्षाचा संकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि एकमेकांना एकच गोष्ट विचारतो: धरलेल्या नेमाचं काय झालं? डिसेंबरच्या बैठकीत सगळे उत्साहात असतात, फेब्रुवारीत आवाज पडलेले असतात. खालचे बहुतेक प्रश्न तिथेच गोळा झाले. उत्तरं माझ्या अनुभवातून आली आहेत आणि मानसशास्त्रातल्या ज्या अभ्यासांचा मला खरोखर उपयोग झाला, त्यांतूनही.

१ जानेवारी ही इतर तारखांसारखीच एक तारीख. तिथून सुरुवात करण्याला काही अर्थ आहे का?

आहे. तारीख माणसानंच ठरवली, हे खरं. ज्युलियस सीझरने सुधारलेली रोमन दिनदर्शिका इसवी सन पूर्व ४५ मध्ये १ जानेवारीला लागू झाली. निसर्गात त्या दिवशी वेगळं काही घडत नाही. पण मनाला अशी खूण लागते. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष सुरू होताना लोक जिमला जास्त जातात आणि आहाराबद्दल इंटरनेटवर जास्त शोधतात. वाढदिवसानंतरही जिमची हजेरी वाढते. मागच्या चुका मागच्या पानावर राहिल्या असं वाटतं आणि पाऊल उचलायला बळ येतं.

‘संकल्प काय, मोडायचेच’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक आकडा सांगते. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन प्रकारची माणसं होती. बदलायचं दोघांनाही होतं, पण एका गटाने नव्या वर्षाचा संकल्प केला होता, दुसऱ्याने ‘बघू पुढे कधीतरी’ म्हटलं होतं. सहा महिन्यांनी संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक टिकून होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं.

म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा संकल्प सुटतोच. पण न करणाऱ्यांशी तुलना केली, तर करून पाहण्यात किती फायदा आहे ते दिसतं.

दरवर्षी माझे पहिले पाढे पंचावन्न. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा उतरलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक जुनी वही आहे. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नऊ संकल्प. पुढच्या पानावर तारखांचे रकाने, ११ जानेवारीपर्यंत बरोबरच्या खुणा, त्यानंतर कोरा कागद. मी कित्येक वर्षं ती वही माझ्या आळसाचा पुरावा म्हणून बघत होते. मग एकदा शांतपणे वाचली तेव्हा लक्षात आलं, नऊपैकी एकाही संकल्पापुढे वेळ लिहिलेली नव्हती. ‘रोज वाचन.’ कधी? माझा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आधीच भरलेला होता आणि त्यातून मी काहीही काढलेलं नव्हतं. ‘तब्येतीकडे लक्ष.’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या कागदाला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

संकल्प होतो ३१ डिसेंबरच्या रात्री, सगळं शक्य वाटतं त्या क्षणी. पाळायचा असतो एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, डोकं दुखत असताना, दोन कामं अर्धवट पडलेली असताना. ठरवणारी आणि पाळणारी जणू दोन वेगळी माणसं असतात आणि पहिलीने दुसरीला काही विचारलेलं नसतं.

त्यात दिवसाचा मोठा भाग आपण विचार करून जगतच नाही. वेंडी वुड यांनी २००२ मध्ये लोकांना दर तासाला, आत्ता काय करता आहात, याची नोंद करायला लावली, तेव्हा साधारण ४३ टक्के गोष्टी सवयीने, बऱ्याचदा मनात दुसराच विचार चालू असताना होत होत्या. नव्या गोष्टीला या ठरलेल्या गर्दीत जागा मिळवायची असते. जागा न देता फक्त इच्छेच्या जोरावर तिला आत ढकललं, तर ती थोडे दिवस टिकते आणि बाहेर पडते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

तेव्हा ‘मी असाच’ हा शेरा खोडा. ‘मी याला जागा कुठे दिली होती?’ हे विचारा. याचं उत्तर शोधता येतं.

किती संकल्प करावेत?

एक.

दोन सांगितलं की लोक चार करतात, म्हणून एकच. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण जानेवारीला चपखल लागू पडते. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी स्वतःसाठी तेरा गुणांची यादी केली होती, पण तेराही एकदम हाती घेतले नाहीत. छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर लाल शाईने आखलेले आठवड्याचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणावर. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. वस्तू आणि वेळ यांची शिस्त त्याला शेवटपर्यंत नीट जमली नाही आणि तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. मला हे वाचून फार धीर आला होता.

निवडायचं कसं? मला तर सगळंच बदलायचं आहे.

पुढच्या वर्षाकडे बघण्याआधी मागच्याकडे बघा. एक दुपार काढा आणि गेल्या वर्षाचं कॅलेंडर, मोबाईलमधले फोटो, कामाच्या नोंदी महिन्यामहिन्याने चाळा. दोनच गोष्टी टिपा: कोणत्या दिवशी तुम्ही स्वतःला बरे वाटलात, आणि काय करताना आतून पिळवटल्यासारखं झालं. ‘मी यशस्वी होतो का’ हे विचारू नका, त्याची उत्तरं दुसऱ्यांच्या मोजपट्टीने येतात. आमच्यातल्या एकीने हे केलं आणि तिला दिसलं की वर्षभरातले तिचे चांगले दिवस जवळपास सगळे कुणाशी तरी निवांत बोलणं झालं ते होते. तिच्या यादीत मात्र वजन, परकी भाषा आणि पहाटे उठणं होतं. तिने यादी बाजूला ठेवली आणि रोज एका माणसाला फोन करायचं ठरवलं.

दुसरी कसोटी: हा संकल्प कुणालाही कळणार नसेल, कुणी शाबासकी देणार नसेल, तरी तो करावासा वाटतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो बहुधा उसना आहे. उसनं अवसान फार दिवस पुरत नाही.

संकल्प लिहायचा कसा?

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो.

एक, ‘हे करणार नाही’ऐवजी ‘हे करीन’ असं लिहा. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या संकल्पांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काहीतरी करण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के, तर काहीतरी टाळण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं. ‘रात्री मोबाईल बघणार नाही’ असं म्हटलं की त्या रिकाम्या हाताचं काय करायचं हे कळत नाही. ‘अंथरुणावर पडलं की पुस्तकाची दोन पानं वाचीन, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावीन’ असं म्हटलं की हाताला काम मिळतं.

दोन, संकल्प एखाद्या घटनेला बांधा. ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’ पीटर गोलविट्झर यांनी या साध्या वाक्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असं ठरवलेलं वाक्य बरंच जास्त कामाला येतं असं दिसलं. कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. घटना घडली की पुढची कृती आपसूक आठवते.

घटना निवडताना काळजी घ्या. ‘संध्याकाळी’ ही घटना नाही, ‘वेळ मिळाला की’ तर नाहीच. ‘ऑफिसहून येऊन चपला काढल्या की’ ही घटना आहे, कारण ती रोज होते आणि झाली की नाही याबद्दल शंका राहत नाही. माझं सध्याचं वाक्य असं आहे: ‘सकाळी दात घासून झाले की खिडकीशी बसून एक परिच्छेद लिहीन.’ वही आणि पेन रात्रीच तिथे ठेवलेलं असतं, पेनचं टोपण काढून. टोपण काढून ठेवणं कुणाला क्षुल्लक वाटेल, पण झोपाळलेल्या हाताला तेवढंही निमित्त पुरतं.

तीन, आकार इतका लहान ठेवा की तापातून उठल्यावरही जमेल. एक परिच्छेद, दोन पानं, दहा मिनिटं चालणं. जास्त झालं तर उत्तम, पण वहीतली खूण लहान मापालाच करायची.

२१ दिवस केलं की सवय लागते ना?

या आकड्याने खूप लोकांना निराश केलं आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात. ‘तरी’ गळून पडलं, रुग्णही गळून पडले, आणि कुठल्याही सवयीचा नियम म्हणून २१ दिवस पसरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला लावून बारा आठवडे नोंदी घेतल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस. पण लवकरात लवकर १८ आणि उशिरात उशिरा, त्यांच्या गणितानुसार, २५४. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसतात, व्यायामाला वेळ लागतो.

तेव्हा २२व्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही कमी नाही. ते अगदी स्वाभाविक आहे.

मध्येच खंड पडला. आता काय?

पडणारच होता. आजारपण, पाहुणे, प्रवास, कामाचा ताण, किंवा काहीच कारण नाही, नुसतं नको वाटलं. खरी पडझड त्या चुकलेल्या दिवसाने होत नाही, दुसऱ्या दिवशी मनात जे वाक्य येतं त्याने होते: ‘आता मोडलंच आहे, तर जाऊ दे.’

या वाक्यावर संशोधन झालेलं आहे. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. पथ्य पाळणाऱ्या काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं. पोट भरल्यावर माणूस कमी खाईल अशी आपली अपेक्षा असते. पण पथ्यवाल्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच होतं, मग आवरायचं कशासाठी?

लॅली यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे कामी येते. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. साठलेलं वाहून जात नाही. ‘सलग इतके दिवस’ दाखवणारी अ‍ॅप्स मात्र एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. त्या शून्याने हिरमुसून कित्येकांनी चांगली लागत आलेली सवय सोडलेली मी पाहिली आहे. तुमचंही तसं होत असेल तर ते अ‍ॅप काढून टाका आणि महिन्यात एकूण किती दिवस झाले तेवढं मोजा. ३१ पैकी १९ ही सुरेख संख्या आहे.

परत येण्याचं वाक्यसुद्धा आधीच लिहून ठेवा, संकल्पाच्या खाली, त्याच कागदावर: ‘चुकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करीन.’ दुप्पट नाही. दुप्पट ही शिक्षा झाली आणि शिक्षेच्या भीतीने माणूस वहीच उघडत नाही.

आणि स्वतःला झोडपू नका. आपल्याकडे कठोरपणालाच शिस्त समजलं जातं, म्हणून हे पटायला जड जातं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली. काहींना परीक्षेनंतर सांगितलं की ही अवघड जाते, अनेकांची अशीच जाते, स्वतःवर फार रागावू नका. पुढच्या परीक्षेआधी याच विद्यार्थ्यांनी जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःशी मायेने वागणारा सैल पडतो, ही समजूत मी त्यानंतर सोडून दिली.

संकल्प सगळ्यांना सांगावा का?

एकाला सांगा, सगळ्यांना नको. गोलविट्झर यांनीच २००९ मध्ये दाखवलं की ‘मी अमुक होणार’ हे दुसऱ्याच्या कानावर गेलं की आपण थोडेसे तसे झालोच असं वाटू लागतं आणि प्रत्यक्ष मेहनत कमी होते. वर सांगितलेल्या स्वीडनच्या अभ्यासात थोडा आधार मिळालेल्या गटाची कामगिरी सगळ्यात चांगली होती, भरपूर सूचना आणि आधार मिळालेल्यांपेक्षाही.

माणूस निवडताना असा निवडा, की ज्याला ‘या आठवड्यात काही झालं नाही’ हे सांगताना तुमची मान खाली जाणार नाही.

पहाटे उठणं आवश्यक आहे का?

नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. झोप कापून मिळवलेली पहाट दुपारपर्यंत वसूल होते.

मला खरंच वेळ नाही. लहान मूल आहे, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या आहेत.

मग यंदा काही वाढवू नका, काहीतरी काढा. हा पण संकल्पच आहे आणि कमी प्रतीचा नाही. एक जबाबदारी जी तुम्ही नाही म्हणता आलं नाही म्हणून घेतली, एक गट ज्यातले संदेश वाचून जीव थकतो, एक काम जे घरातलं दुसरं माणूस करू शकतं.

शिवाय आपण वेळेचा अंदाज फार आशेने बांधतो. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, लागले ५५. तुम्हाला अर्धा तास लागेल वाटतं त्याला पाऊण-एक तास धरा आणि मग जागा आहे का ते बघा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसंच हे.

व्यायामाचा संकल्प करायचा आहे. किती केला म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालीची आहे, म्हणजे भरभर चालणंही त्यात आलं. सोबत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. पण त्याच शिफारशीत स्पष्ट म्हटलं आहे की अजिबात नसण्यापेक्षा थोडी हालचालही चांगली. आजवर काहीच करत नसाल तर १५० चा आकडा सध्या विसरा आणि दहा मिनिटांनी सुरू करा. काही आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मला काहीच करावंसं वाटत नाही. सगळे उत्साहात आहेत आणि मला फक्त थकवा आहे.

तर मग हे पान बंद करा आणि संकल्पांचा विचार सोडा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. एकट्याने जाणं जड वाटत असेल तर घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला सोबत यायला सांगा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ते आजच कुणाला तरी मोठ्याने सांगा, उद्यावर ढकलू नका. मी हे कळकळीने सांगते आहे, कारण आमच्या बैठकीतल्या एकाने दोन वर्षं ‘आळशी आहे मी’ असं म्हणत काढली होती.

नवऱ्याने, बायकोने किंवा मुलांनी बदलावं यासाठी काय संकल्प करू?

त्यांच्या वतीने काहीच नाही. तुमचा तुम्ही करा. घरात एकाची वेळ बदलली की बाकीच्यांची थोडी सरकतेच, पण त्याचा हिशेब ठेवू नका.

फेब्रुवारी संपत आला, माझी सुरुवातच झाली नाही. आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबू का?

थांबू नका. नव्या सुरुवातीचं बळ सोमवारीही मिळतं आणि वर्षात ते ५२ असतात. आज झोपण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कशानंतर, कुठे, किती. लागणारी वस्तू त्या जागी नेऊन ठेवा आणि उद्या एकदा करून बघा.

आमच्यातल्या एका काकांनी जेवणानंतर चालायला सुरुवात केली ती मार्चच्या मध्यावर. त्यांना जानेवारीत ताप आला होता, फेब्रुवारीत घरी गडबड होती. पुढच्या डिसेंबरच्या बैठकीत आम्ही सगळे नवे संकल्प लिहीत होतो, तेव्हा त्यांनी कागद कोरा ठेवला. काय लिहिताय, असं विचारलं तर म्हणाले, “माझं चालू आहे,” आणि घड्याळ बघून उठले. त्यांची चालायची वेळ झाली होती.